धक्के झाले, आता पुढे?

दिवाळी अंकाच्या वाचकाने चिवड्याची बशी जवळ घेऊन बसावे आणि सदरलेखकाने त्याला पथ्ये सांगावीत, हा तसा अरसिकपणाच. म्हणून आधीच सांगून टाकतो की, चकली-करंजीबद्दल आज आम्ही अवाक्षरही काढणार नाही. खुशाल खा! आज बोलायचे आहे ते बशी धरणाऱ्या हाताविषयी नव्हे, तर ती आणायला स्वयंपाकघरापर्यंत गेलेल्या पायाविषयी; आणि त्यातही टाचेविषयी.

‘प्रकृती कशी आहे?’ ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न वारंवार डोकावतो. टाच दुखत होती. गरम पाण्याचा शेक झाला, तेल झाले, मऊ चपला झाल्या, गोळ्या झाल्या. वर्ष उलटले तेव्हा डॉक्टरांनी शॉकवेव्ह सुचवली. चार बैठका झाल्या, पैसे मोजले. आता जरा बरे आहे. पण मग चालू का? जिना चढू का? सूर्यनमस्कार केव्हा सुरू करू? की पुन्हा दुखावेल म्हणून बसूनच राहू? पत्र लिहिणाऱ्या कधी पन्नाशीच्या गृहिणी असतात, तर कधी मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून बसलेले बँकेतले अधिकारी. प्रश्न एकच. आणि त्याचे उत्तर बहुतेकांना कोणी समोर बसून नीट दिलेले नसते. यंत्राची खटखट थांबते, पुढचा रुग्ण आत येतो आणि आपल्या हाती ‘व्यायाम चालू ठेवा’ एवढेच लिहिलेला कागद पडतो. कोणता व्यायाम, किती, आणि कुठे थांबायचे, हे त्या कागदावर नसते. ते आज पाहू.

हा ‘शॉक’ विजेचा नव्हे

प्रथम भीती काढून टाकू. ‘शॉक’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर विजेचे बटण येते. इथे विजेचा झटका मुळीच नसतो. शॉकवेव्ह म्हणजे दाबाची लाट. विमान आवाजापेक्षा वेगाने गेले म्हणजे जो धडाका ऐकू येतो, त्याच जातीची, पण लहान आणि आवरलेली.

विमानाचे उदाहरण उगाच घेतलेले नाही. जर्मनीतील डॉर्निअर ही विमाने बांधणारी कंपनी. अतिवेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटून धातूला इजा होते, तिचा अभ्यास करताना तिथल्या संशोधकांचे लक्ष ह्या लाटांकडे गेले. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे अशाच लाटांनी, शरीर न कापता, एका रुग्णाचा मुतखडा प्रथम फोडण्यात आला. मुतखड्याची ‘लिथोट्रिप्सी’ आज आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. टाचेवर चालवतात ते यंत्र तिचेच धाकटे भावंड. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने जुनाट टाचदुखीसाठी अशा यंत्राला परवानगी दिली, आणि पुढे त्याचा प्रसार जगभर झाला.

यंत्रे दोन तऱ्हेची असतात. एकात लाट आत खोलवर एका बिंदूपाशी एकवटते. दुसऱ्यात दाबलेल्या हवेने नळीतला लहानसा धातूचा तुकडा पुढे फेकला जातो, तो टोकावर आपटतो, आणि त्याचा ठोका कातडीपासून आत पसरत जातो. सर्वसाधारणपणे आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच बैठका, आणि दर बैठकीला दोन हजारांच्या आसपास ठोके. काही मिनिटांचे काम. दुखते, पण सोसवते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुतखडा फुटतो, तसा टाचेतला ‘काटा’ ह्या यंत्राने फुटतो असे पुष्कळांना वाटते. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड टोकदार वाढलेले दिसले की घरात ‘काटा निघाला’ अशी हाकाटी होते. तो काटा फुटत नाही, आणि तो फोडण्याची गरजही नसते. असे वाढलेले हाड ज्यांची टाच कधी दुखलेली नाही अशा कितीतरी लोकांच्या पायांत सापडते. तेव्हा ‘बैठका झाल्या, काटा गेला, आता पाय मोकळा’ हा हिशेब पायापासूनच चुकीचा आहे.

मग दुखते ते काय?

टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा एक जाड, चिवट पट्टा तळपायाला असतो. पायाची कमान त्याने ताणून धरलेली असते. त्याच्या टाचेकडच्या टोकाला इजा झाली म्हणजे सकाळी बिछान्यातून उतरून टाकलेले पहिले पाऊल मस्तकात जाते, चार पावले चालल्यावर थोडे सैल वाटते, आणि दिवसभर ओट्याशी उभे राहिले की संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. डॉक्टर ह्याला ‘प्लांटर फॅसायटिस’ म्हणतात. दुसरे दुखणे टाचेच्या मागच्या बाजूचे. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. पोटरीला टाचेशी बांधणारी जी सर्वांत जाड कंडरा, तिला जुनी माणसे घोडशीर म्हणत आणि डॉक्टर ‘अकिलीस टेंडन’ म्हणतात. पळणाऱ्यांचे दुखणे बहुधा तिथले.

हा पट्टा काय किंवा कंडरा काय, दोन्ही बारीक तंतूंच्या दोऱ्याच. वर्षानुवर्षांच्या ओढीने सुंभाचा पीळ उलगडावा तसे त्यांतले तंतू विसकटतात. तिथे रक्ताचा पुरवठा स्नायूंच्या मानाने कमी, त्यामुळे दुरुस्ती मंद चालते आणि कधी अर्ध्यावरच अडते. यंत्राचे ठोके त्या अडलेल्या जागी पुन्हा हालचाल सुरू करतात. तिथल्या पेशींना नवे तंतू विणण्याची सूचना मिळते, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटण्यास मदत होते, आणि वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची धार काही काळ बोथट होते.

ह्यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वेदना आधी कमी होते. दुरुस्ती मागाहून, सावकाश, आठवड्यांच्या हिशेबाने होते. यंत्राचा खरा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. आणि नवे तंतू विणले गेले तरी ते कोणत्या दिशेने, किती घट्ट रचायचे, हे त्यांना यंत्र सांगत नाही. ते सांगते ओझे. ज्या दिशेने ओढ बसते त्या दिशेने तंतू रांगेत लागतात. ओढच बसली नाही, तर ते कच्चे राहतात. आणि एकदम फार बसली, तर विणलेले तेवढे उसवते. सगळे पथ्य ह्या दोन वाक्यांत आले.

परदेशी प्रयोगांचे बोलणे

ही आमची कल्पना नव्हे. १९९८ साली स्वीडनमधील हाकन आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोडशीर दुखावलेल्या मध्यमवयीन हौशी धावपटूंना त्यांनी विश्रांती न देता व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून पंधराचे तीन फेरे. हे दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे रोज एकशेऐंशी वेळा! पंधराच्या पंधरा जण पुन्हा पळू लागले.

मग यंत्राची गरज काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २००९ साली जर्मनीतील यान रोम्पे ह्यांच्या प्रयोगाने दिले. घोडशिरेचे ६८ रुग्ण. निम्म्यांना नुसता व्यायाम, निम्म्यांना व्यायाम आणि शॉकवेव्ह दोन्ही. चार महिन्यांनी नुसता व्यायाम करणाऱ्या ३४ पैकी १९ जण पूर्ण बरे किंवा पुष्कळसे बरे होते. दोन्ही घेणाऱ्या ३४ पैकी २८. तळपायाच्या पट्ट्याबद्दलही त्यांनीच २०१५ साली दाखवून दिले की, नुसती शॉकवेव्ह घेतलेल्यांपेक्षा तिच्या जोडीला पट्टा ताणण्याचा व्यायाम करणारे जुनाट रुग्ण अधिक सुधारले. यंत्र आणि व्यायाम ही सवतीसवतींची गोष्ट नाही. जात्याच्या दोन तळ्यांसारखे त्यांचे नाते आहे. नुसत्या एकाने पीठ पडायला वेळ लागतो.

उलट, दुखणे नुकतेच, सहा आठवड्यांच्या आतले असेल, तर पट्टा ताणण्याचा साधा व्यायाम यंत्रापेक्षा सरस ठरल्याचेही रोम्पे ह्यांनी २०१० साली नोंदवले आहे. म्हणून टाच दुखू लागल्याबरोबर यंत्राकडे धावण्याचे कारण नाही.

दोन घरे, दोन चुका

आता आपल्या घरांकडे वळू. शॉकवेव्हनंतर बिघडते ते दोन तऱ्हांनी, आणि दोन्ही तऱ्हा आपल्या ओळखीच्या आहेत.

पहिल्या घरात काकांची दुसरी बैठक कालच झाली आहे. पहाटे पाचला ते बुटांचे बंद बांधू लागतात.

“अहो, दोन दिवस थांबायला सांगितलंय ना डॉक्टरांनी?”

“अगं, दुखतच नाही तर थांबायचं कशाला? उलट आज कित्येक महिन्यांनी पाय हलका वाटतोय!”

पाय हलका वाटतो, कारण ठोक्यांनी वेदना बोथट झाली आहे. आत मात्र दुरुस्तीसाठी नुकतेच खणून ठेवले आहे. त्यावरून काका पाच किलोमीटर पळून येतात. तिसऱ्या दिवशी टाच पुन्हा सुजते, आणि ‘हे यंत्र म्हणजे थोतांड आहे’ असा निकाल लागतो.

दुसऱ्या घरात चित्र उलटे. “आई, तुम्ही बसा. मी करते सगळं. एवढे पैसे घालून पाय बरा केलाय, आता जपायला हवा.” सूनबाईंचे बोलणे मायेचे आहे. सासूबाईही घाबरलेल्या आहेत. तीन महिने पाय पलंगावर राहतो. दुखत नाही, कारण त्यावर भारच पडत नाही. पण पोटरी सुकते, पट्टा कच्चा राहतो, आणि एक दिवस लग्नकार्यात दोन तास उभे राहण्याची वेळ आली की मूळचे दुखणे व्याजासह परत येते. माया करायचीच असेल तर सूनबाईंनी आईंच्या शेजारी उभे राहून टाचा उचलण्याचे फेरे मोजावेत. त्यात माया अधिक आहे.

पहिले दोन दिवस

बैठकीनंतरचे पहिले ४८ तास सबुरीचे. जागा थोडी लाल होणे, हुळहुळणे, क्वचित काळेनिळे पडणे हे स्वाभाविक आहे. घरातले चालणे, कचेरीत जाणे चालेल. पळणे, उड्या, दोरीवरच्या उड्या, टेकडी, तासन्‌तास उभे राहणे आणि वजने उचलणे नको. घोटा सावकाश वरखाली करणे, बोटे हलवणे हे दिवसातून चार-पाचदा जरूर करावे.

दुखल्यास आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्यांसारख्या दाह मारणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. जी हालचाल आत सुरू व्हावी म्हणून ठोके दिले, तिलाच ह्या गोळ्या आवर घालतील, म्हणून बहुतेक डॉक्टर त्या टाळायला सांगतात. साधी पॅरासिटामॉल चालेल का, ते त्यांना विचारावे. मात्र हृदयविकारासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर ती ह्या वाक्यावर विसंबून बंद करू नये! ती गोष्ट हृदयाच्या डॉक्टरांची.

बैठका चालू असताना

तिसऱ्या दिवसापासून पट्टा ताणण्यास सुरुवात. खाटेच्या कडेवर बसा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर ठेवा. त्याच बाजूच्या हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढा, इतकी की तळव्याची कमान ताणलेली बोटांना लागेल. दहा आकडे मोजा आणि सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिला फेरा सकाळी, जमिनीवर पाऊल टाकण्यापूर्वीच करायचा. ज्या पहिल्या पावलाची धास्ती असते, त्याची निम्मी धार ह्यानेच जाते.

जोडीला एक दिवसाआड टाचा उचलणे. ओट्याचा किंवा खिडकीच्या कठड्याचा आधार घ्या. दोन्ही टाचा एकदम उचला; वर जाताना तीन आकडे, वर दोन आकडे थांबा, खाली येताना तीन आकडे. दहा वेळा झाले की थोडे थांबा; असे दोन-तीन फेरे. बैठकीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी.

एक दिवसाआड का? व्यायामानंतर पहिला दीड दिवस कंडरेत तंतू जितके नवे घडतात त्याहून अधिक मोडत असतात. नफा दिसू लागतो तो त्यानंतर. जड व्यायाम रोज करणारा माणूस तोट्यातच दुकान उघडतो. आल्फ्रेडसन ह्यांनी रोजचा व्यायाम दिला होता हे खरे; पण ते वेगळे रुग्ण, आणि त्यांना यंत्राचे ठोके नुकतेच बसलेले नव्हते.

बैठका संपल्यानंतरचे बारा आठवडे

आता खरे काम. दोन्ही पायांनी टाचा उचलणे सोपे झाले, की एका पायावर या. तेही जमू लागले, की पंचाची घट्ट गुंडाळी करून ती बोटांखाली ठेवा आणि मग टाच उचला. बोटे वर वळल्याने तळव्याचा पट्टा अधिक ताणला जातो. डेन्मार्कमधील मिखाएल राथलेफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हाच व्यायाम एक दिवसाआड देऊन पाहिला. तीन महिन्यांनी ह्या रुग्णांची सुधारणा नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा अधिक होती. वर्षाअखेर दोन्ही गट सारखे झाले हे खरे. परंतु टाच दुखत असलेल्या माणसाला नऊ महिने आधी आराम पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

तेही सोपे झाले, की पाठीवर नातवाचे दप्तर घ्या आणि त्यात दर पंधरवड्याला एखादे पुस्तक वाढवा. जुने दिवाळी अंकही चालतील! ओझे वाढवले की संख्या कमी करायची. ज्या ओझ्याने बारा वेळाही जेमतेम होते, त्यावरून पुढे आठच वेळा होईल अशा ओझ्याकडे जायचे. संख्येपेक्षा संथपणा महत्त्वाचा.

ज्यांची घोडशीर टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखते, त्यांनी पायरीवरून टाच खाली सोडू नये. सपाट जमिनीवरच उचलावी. खाली सोडल्याने कंडरा हाडावर दाबली जाते. दुखणे टाचेपासून दोन-तीन इंच वर असेल, तर पायरीचा व्यायाम चालतो. आपले कोणते, ते डॉक्टरांकडून बोट ठेवून समजून घ्या.

चालणे सपाट रस्त्यावर, दहा मिनिटांपासून. दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवा. अर्धा तास झपझप चालता आले, आणि एका पायावर वीस-पंचवीस वेळा टाच विनातक्रार उचलता आली, की मग पळण्याचा विचार. तोही आधी एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे असा. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत. सूर्यनमस्कार करणाऱ्यांनी पाय मागे उडी मारून न नेता एकेक करून न्यावा. टाचा जमिनीला टेकवताना पोटरीला बसणारा ताण उपकारकच आहे, पण तो हिसक्याने नको.

किती दुखले तर चालेल?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण सगळी भीती इथेच आहे. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे मनाशी धरा. व्यायाम करताना दुखणे तीनपर्यंत असेल तर निर्धास्त चालू ठेवा. चार-पाच असेल तर ओझे किंवा संख्या कमी करा. पाचाच्या वर गेले तर त्या दिवशी थांबा. स्वीडनमध्ये २००७ साली घोडशिरेच्या रुग्णांना पाचपर्यंत दुखणे सोसून पळू देऊन पाहिले. वेदनेवर असे लक्ष ठेवून पळणाऱ्यांचे, विश्रांती घेणाऱ्यांच्या तुलनेत, काही बिघडले नाही. नुकते ठोके घेतलेल्यांसाठी आम्ही हात थोडा आखडता धरला आहे, इतकेच.

परंतु खरा परीक्षक दुसऱ्या दिवशीची सकाळ. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीचे पहिले पाऊल नेहमीपेक्षा अधिक दुखले नाही, तर कालचा डोस योग्य होता. अधिक दुखले, तर पुढच्या वेळी एक पायरी मागे या. व्यायाम सोडू नका; पायरी तेवढी उतरा. ‘दुखले म्हणजे बिघडले’ हे जसे खरे नाही, तसे ‘दुखत नाही म्हणजे बरे झाले’ हेही खरे नाही.

दिवाळीची विशेष सूचना

दिवाळी हा टाचेच्या परीक्षेचाच सण. पहाटे उठून गार फरशीवर अनवाणी, मग चार-चार तास तळणीपुढे उभे, मग रांगोळीसाठी उकिडवे, मग खरेदी. ज्यांच्या बैठका नुकत्याच झाल्या आहेत त्यांनी घरात वापरायची वेगळी मऊ चप्पल ठेवावी. देवघरापुरती काढली म्हणजे झाले. करंज्या बसून भराव्यात. तळणीपुढे अर्ध्या-अर्ध्या तासाने पाळी बदलावी. घरातले पुरुष झाऱ्या धरण्यास असमर्थ असतात असे वैद्यकशास्त्रात कुठेही म्हटलेले नाही. रांगोळी पाटावर बसून काढावी.

पुण्यातल्या मंडळींना सुट्टीत पर्वती किंवा सिंहगड खुणावतो. शेवटची बैठक होऊन दीड-दोन महिने झाले नसतील, तर पायथ्याचे पिठले-भाकरच गोड मानावे. आणि २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये जानेवारीत धावू इच्छिणाऱ्यांनी दिनदर्शिका उघडून आठवडे मोजावेत. दिवाळीपासून तिथवर साधारण दहा-बारा आठवडे असतात. बैठका आत्ताच संपल्या असतील, तर तेवढ्या काळात कंडरा जेमतेम तयार होते. लांब पल्ल्याचा सराव त्यात बसत नाही. यंदा छोटी शर्यत, पुढच्या वर्षी मोठी. शर्यत दर वर्षी नवी येते. घोडशीर बदलून मिळत नाही.

हाताचे दुखणे असेल तर

कोपराबाहेरच्या दुखण्याला, ज्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, हेच नियम लागू. टेनिसची रॅकेट कधी न पाहिलेल्या आणि आयुष्यभर कपडे पिळलेल्या हातांनाही ते होते. पहिले दोन दिवस पिळणे, बादली उचलणे नको. मग हात टेबलावर, पंजा कडेबाहेर पालथा. मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हाताने पंजा वर न्या आणि तीन-चार आकडे मोजत आपल्या बळावर खाली सोडा. दहाचे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. खांद्याचा व्यायाम मात्र पुस्तकावरून करू नये. तो फिजिओथेरपिस्टसमोरच शिकावा.

थांबा, डॉक्टरांना भेटा

गर्भवती स्त्रियांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असलेल्यांनी ही चिकित्सा घेण्यापूर्वीच डॉक्टरांना सर्व सांगावे. त्याच जागी गेल्या दोन-तीन महिन्यांत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल, तर तेही लपवू नये. मधुमेही व्यक्तींची कंडरा सावकाश भरते आणि पायाची संवेदना कमी असल्यास दुखण्याचा आकडा फसवा ठरतो. त्यांनी रोज तळपाय डोळ्यांनी पाहावेत आणि प्रत्येक टप्पा दुप्पट सबुरीने घ्यावा. सिप्रोफ्लोक्सासिनच्या कुळातली जंतुनाशके कंडरेला अपाय करू शकतात. २००८ साली अमेरिकेत त्यांवर तसा ठळक इशाराही छापायला लावला गेला. जुन्या चिठ्ठीवर ती पुन्हा आणून घेऊ नयेत.

आणि व्यायाम करताना पोटरीमागे कोणी काठी मारल्यासारखा फटका बसून चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, पोटरी एका बाजूला सुजून गरम झाली, ताप आला, किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे लागले, तर पंचा-दप्तर बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरगुती सल्ला तिथे संपतो.

एवढे सगळे लक्षात कसे राहणार, असे वाटेल. पाडव्याला आपल्याकडे नवी वही घालण्याची चाल आहेच. तीत एक पान टाचेचे करा. तारीख, किती वेळा टाच उचलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या पावलाला दहापैकी किती. एवढे तीनच रकाने. रोज पाहिले तर आकडा हललेला दिसणार नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत थोडा दिसेल, संक्रांतीपर्यंत चांगला दिसेल. ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. पाच मिनिटांच्या तोंडी हकिकतीपेक्षा तिचा त्यांना अधिक उपयोग होईल.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि पाडव्याच्या पहाटेचे पहिले पाऊल न कण्हता पडो. पत्रे लिहीत राहा. पुढील अंकापासून सदर नेहमीप्रमाणे चालू राहील.